यानाकाच्या गल्लीत राहिलेलं टोपरं

आमचं फिरणं दहा वाजून दहा मिनिटांनी सुरू झालं, ताई. तिथले दहा-दहा हां, तोक्योचे. इथं कुवेतमध्ये तेव्हा पहाटेचे चार-दहा, आणि माझ्या गावी सहा-चाळीस — इथं आल्यापासून मी डोक्यात दोन घड्याळं चालवतेय, तिथं गेल्यावर तिसरं आलं. स्टेशनाबाहेर मोठं गोल घड्याळ होतं, त्यात बघितलं. नीट आठवतं, कारण मनात म्हटलं, आता सुकू उठली असेल, जाऊबाई तिचं तोंड धूत असतील. — तुम्ही इकडं सरका ना, त्या बाजूला अजून ऊन आहे. हॉस्पिटलच्या ड्युटीची बस साडेपाचला येते ना तुमची? मग आहे अर्धा तास. मघाशी मी एकदम विचारलं, भाऊ तोक्योत असतो का, रविवारी मोकळा असतो का, तर तुम्ही दचकलात. साहजिक आहे. कुणीतरी बाई, मांडीवर अरबांचं पोर, आणि विचारते काय तर भाऊ मोकळा असतो का. पण तुम्ही फोनवर म्हणालात, तोक्योत थंडी असेल, कानाला बांध — दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये, कळतं मला, पण इथं समुद्राच्या वाऱ्यात मराठी कानावर आलं आणि त्यात तोक्यो, मग मला राहवलं नाही. नाही नाही, पार्सल-बिर्सल काही न्यायचं नाही त्यांना. एक टोपरं काढून घ्यायचंय. लहान बाळाचं, पिवळं, लोकरीचं. एका दगडाच्या देवाच्या डोक्यावरून.

हसताय ना? हसा. मी पण हसले असते. पण पुरतं ऐका आणि मग भावाला सांगायचं की नाही ते ठरवा. रस्ता मी सगळा सांगते, पायाखालचा आहे, डोळे मिटले तरी दिसतो.

मी चारुशीला. राजापूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. ह्यांचं लाइनमनच्या हाताखाली काम होतं, खांबावरून पडले, कंबर गेली, तेव्हापासून वाकून काही करता येत नाही — ते असू दे, तो वेगळा विषय. तीस वर्षं पुरी झाल्याशिवाय बायकांना घरकामाला इकडं सोडत नाहीत, माझी तीस झाली आणि तिसऱ्या महिन्यात मी इथं, बनेद अल-गारला. सुकू तेव्हा दीड वर्षाची. सुखदा तिचं नाव. तिला जाऊबाईंकडे ठेवली, रत्नमालावहिनींकडे, त्यांना मूल नाही, जीव लावतात. आणि इथं आले तेव्हा ही — ही जी वाळू तोंडात घालतेय ना — दाना, नो. नो, हबीबती. थू कर. — ही चार महिन्यांची होती. म्हणजे हिशेब बघा कसा, माझीला सोडली आणि हिला घेतली, मधे एक विमान. हिचं पहिलं पाऊल मी बघितलं. माझीचं पण बघितलं तसं, अगदीच बघितलं नाही असं नाही, पण धावायला लागली ती नंतर. ते फोनवर.

ईदच्या सुट्टीत मॅडम म्हणाल्या, जपान. मला वाटलं मला आठ दिवस घरीच ठेवतील, पण दाना माझ्याशिवाय झोपत नाही, मग माझा पण व्हिसा काढला. मी सातवी शिकलेली, ताई. भूगोलाच्या पुस्तकात जपानवर अर्धं पान होतं, भूकंप आणि हलकी घरं, तेवढं मला ठाऊक. मॅडमना मॉल नको होते, मॉल इथं आहेत म्हणाल्या, जुनी वस्ती बघायची. बाबांना, म्हणजे मॅडमच्या नवऱ्याला, कंटाळा, ते हॉटेलात झोपले. मग मॅडम, मी आणि दाना — आणि एक गाइड बाई, सत्तरीची तरी असेल, हातात काठीला बांधलेला छोटा निळा रुमाल, आणि चालणं असं की आमच्या वाडीतल्या लाकडं आणणाऱ्या बायका मागं पडाव्यात. आणखी पाच-सहा गोरी माणसं होती. यानाका म्हणतात त्या भागाला. भावाला एवढं सांगितलं तरी कळेल, या-ना-का.

स्टेशनातून वर आलं की डाव्या हाताला चढ आहे, त्याच्या शेवटी स्मशान. हो, स्मशान, पण भीती वाटत नाही, मधून रस्ता, दोन्हीकडे गुलाबी फुलांची झाडं, लोक डबे घेऊन बसलेले. थंडी होती, भुरभूर पाऊस होता. गाइड बाई इंग्लिशमध्ये सांगायची, मॅडम मला अधूनमधून त्यांच्या हिंदी-अरबीत सांगायच्या — भूकंप झाला तेव्हा सगळं शहर जळलं, हे राहिलं. मग लढाईत बॉम्ब पडले, पुन्हा सगळं जळलं, हे पुन्हा राहिलं, थोडं थोडं. मला हे ऐकून बरं वाटलं. म्हटलं, ह्या गल्ल्यांवर कुणाची तरी सावली आहे. आणि गल्ल्या कशा म्हणता — आमच्या पाखाड्या. तशाच अरुंद, तशाच वर-खाली, लाकडी घरं, दाराबाहेर तुळशीसारखी कुंड्यांची रांग, एकीकडे म्हातारा तांदळाचे जाड पापड निखाऱ्यावर भाजत बसलेला, मांजरं तर सगळीकडे. एक हातपंप होता वळणावर, अजून पाणी येत होतं त्याला. दानाच्या गाडीचं चाक तिथंच दगडात अडकलं आणि वाकडं झालं. मग मी गाडी मिटली, मॅडमनी ती ओढली आणि दानाला मी कडेवर घेतलं. त्याचं मला वाईट वाटलं नाही. तिला घेऊन चढायला मला आवडतं. खरं सांगू? त्या पाखाडीवर दोन मिनिटं मला वाटलं की मी गावी आहे आणि पोरीला घेऊन वहाळावरून वर येतेय.

तेवढ्यात गाइड बाई मागं वळली, हिच्या गालाला हात लावला आणि माझ्याकडे बोट करून विचारलं, डॉटर? मॅडम पुढं होत्या, गाडी ओढत. मी मान हलवली. हो म्हणून. — कशाला हलवली, मला विचारू नका. परक्या मुलखात कोण ओळखतंय. बाईनं लगेच माझ्यावर छत्री धरली, पुढचा सगळा चढ धरली. लोकांनी वाट दिली. आईला देतात तशी.

हातपंपाच्या पुढं मातीची लांब भिंत लागते. मातीची, आणि तिच्यात कौलं बसवलेली, थरावर थर — कौलं अशी भिंतीत मी कुठं बघितली नव्हती, म्हणून खूण सांगते. भिंत संपली की उजवीकडे अगदी बारकं देऊळ. देवळात नाही जायचं, देवळाच्या बाजूनं मागं जायचं. तिथं ते देव आहेत. ताई, काय सांगू. दगडाचे, एवढे एवढे, गुडघ्याएवढे, रांगेनं, पायऱ्यांसारखे एकावर एक, शंभर-दीडशे तरी असतील. गोटा केलेली डोकी, मिटलेले डोळे, हसरे. आणि प्रत्येकाच्या गळ्यात लाल लाळेरं. खरोखरचं लाळेरं, बाळाला घालतो तसं. कुणाच्या डोक्यावर विणलेलं टोपरं. पुढ्यात खुळखुळे, कागदाची भिरभिरी, दुधाची छोटी बाटली, एका ठिकाणी तर बारके बूट. आणि वाऱ्यानं ती सगळी भिरभिरी एकदम फिरत होती.

आता तुम्हीच सांगा, आपल्या माणसाला काय वाटेल? आमच्या गावी देवळामागं घुमटी आहे. मूल व्हावं, झालेलं मूल जगावं म्हणून नवस बोलतात, आणि पावला की तिथं झबलं-टोपरं बांधतात, लाकडाचा छोटा पाळणा टांगतात. सुकूच्या वेळेला मी स्वतः पाळणा टांगलाय. पाचव्या महिन्यात रक्त गेलं होतं, डॉक्टरीण म्हणाली होती राहील असं वाटत नाही, आणि राहिली. तर मी ते बघितलं आणि काय म्हटलं मनात — म्हटलं, केवढे नवस पावलेत इथं. केवढी पोरं जगली. एवढी टोपरी बांधायला येतात माणसं, तर ह्या देवात काहीतरी आहेच.

आणि माझ्या पर्समध्ये सुकूचं टोपरं होतं. ते असतंच. इथं उशीखाली असतं, बाहेरगावी गेले तर पर्समध्ये. वहिनींनी विणलेलं, पिवळं, कानावर यायला दोन नाड्या. दोन वर्षं मी ते धुतलं नव्हतं. आधी वास यायचा तिचा, मग येत नव्हता, मग मी आठवून आठवून घ्यायचे. ते मी काढलं. दाना कडेवर, एका हातानंच काढलं, आणि तिसऱ्या पायरीवर डावीकडून चौथा जो आहे — त्याच्या डोक्यावर काही नव्हतं, पावसात भिजत होता बिचारा — त्याच्या डोक्यावर घातलं. नाडी बांधता येईना एका हातानं, तर दानाला म्हटलं धर, तिनं एक टोक धरलं. हो, हिनंच. मग हात जोडले. सव्वाअकरा झाले होते. गावी पावणेआठ.

मॅडम तोपर्यंत आल्या. त्यांनी बाईला विचारलं हे काय आहे, आणि बाई बोलायला लागली. दोन मिनिटं, तीन मिनिटं, हळू आवाजात. मॅडम ऐकत राहिल्या, आणि मी बघितलं त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांचं दानाच्या आधी एक गेलंय, सातव्या महिन्यात, घरात त्याचं नाव काढत नाहीत, मला पण सैपाकिणीनं सांगितलं होतं. मी म्हटलं मॅडम, क्या बोला? तर त्यांनी तीन मिनिटांचं तीन शब्दांत सांगितलं. म्हणाल्या, "चारू, कुल्लू बेबी मौत." हे सगळे मेलेल्या बाळांचे. जी जन्मलीच नाहीत, जी जन्मून गेली. त्यांचे आईबाप येतात, आणि त्यांना थंडी वाजू नये म्हणून टोपरं घालतात.

मॅडम तिथं खूप वेळ उभ्या राहिल्या. त्यांना हात जोडायचे नसतात, त्यांनी नुसते हात ओव्हरकोटात घातले आणि उभ्या राहिल्या. आणि मी, ताई? एवढे नवस पावले म्हणत होते मी. आणि ती एकेक टोपरी म्हणजे एकेक पोर गेलेलं. आणि त्यांच्या ओळीत मी माझ्या हातानं, माझ्या जित्या पोरीचं टोपरं घातलेलं, नाडी बांधून.

थांबा, अजून संपलं नाही. संध्याकाळी हॉटेलात वायफाय मिळालं, मी घरी फोन लावला. वहिनी म्हणाल्या, सुकूला ताप आहे. कधीपासून? सकाळपासून. सकाळी किती वाजता? अगो, मी काय घड्याळ बघून बसले होते, त्या म्हणाल्या, मग आठवून म्हणाल्या, भाकरी टाकत होते, आठाच्या सुमाराला अंग कढत लागलं. — तुम्ही नर्स आहात, तुम्ही मान हलवताय ती कशी हलवताय ते मला दिसतंय. व्हायरल. तिथले डॉक्टर पण तेच म्हणाले. रत्नागिरीला चार दिवस ठेवली होती, रक्त तपासलं, लघवी तपासली, छातीचा फोटो काढला, सगळं नॉर्मल. घरी आणली. महिना होत आला, रोज संध्याकाळी कणकण येते, सकाळी उतरते. भात दोन घास. व्हिडिओवर बघितलं तर खांद्याची हाडं दिसतात. व्हायरल महिनाभर राहतो का? — राहू शकतो? — बरं. तुम्ही म्हणताय तर राहत असेल.

घरी नाही सांगितलं मी. ह्यांना सांगितलं तर ते रागावणार नाहीत, तेच वाईट आहे, ते गप्प बसतील. वहिनींना सांगायची तर सोयच नाही. विणलेलं टोपरं कुठं गेलं त्याचं उत्तर काय देऊ? मॅडमना रजा विचारली, त्या म्हणाल्या बघू, ऑक्टोबरात तुझी सुट्टी आहेच. वाईट नाहीत त्या. सुकूसाठी औषध देऊ म्हणाल्या, खेळणी देऊ म्हणाल्या. पण त्यांना मी हे टोपऱ्याचं नाही सांगितलेलं. त्यांचं त्या ओळीत टोपरं असायला हवं होतं आणि नव्हतं, आणि माझं नसायला हवं होतं आणि आहे — हे कोणत्या तोंडानं सांगू?

काय म्हणालात? तेव्हाच का नाही काढून घेतलं?

— पुढं निघून गेलो होतो ना आम्ही. घोळका पुढं गेला, गाइडची वेळ ठरलेली, परक्या देशात चुकले असते तर. आणि एकदा देवाला दिलेलं परत कसं घ्यायचं, तसं पण वाटलं. म्हणजे हो, तसंच झालं.

दाना, तिकडं नको जाऊ, झोका लागेल. इकडं ये. — बघा, बोलवलं की येते. माझ्याशी मराठीत बोलते ही, मॅडमना माहीत आहे, त्या हसतात. भूक लागली म्हणते, माऊ म्हणते, "चारू, पाय दुखले" म्हणते. आणि माझी सुकू मला फोनवर काय म्हणते सांगू? वहिनींना आई म्हणते. मला फोनवाली आई. वहिनी बिचाऱ्या ओशाळतात, म्हणतात, अगो लहान आहे, समज आली की सुधारेल. मी म्हणते, म्हणू दे हो. परवा तर फोनवर आलीच नाही. वहिनी म्हणत होत्या ये गो, आई आहे, तर मागून आवाज आला, "आई तू आहेस."

नाही, रडत नाही. धूळ आहे.

खोटं बोलले मी मघाशी. घोळका कुठला पुढं गेला होता, सगळे तिथंच होते, फोटो काढत होते. दहा पावलं होती, ताई. फार तर बारा. मॅडमनी सांगितलं आणि मी मागं वळले पण होते. पण दाना झोपली होती. त्या वाऱ्यात, त्या भिरभिऱ्यांकडे बघता बघता झोपली, माझ्या खांद्यावर, तोंड उघडं टाकून. तीन रात्री ती धड झोपली नव्हती, वेळ बदलल्यामुळं. आणि त्या देवाच्या डोक्यावरची गाठ सोडायला मला वाकावं लागलं असतं. वाकले असते तर ती उठली असती. मी उभी राहिले. दहा पावलांवर माझ्या पोरीचं टोपरं मेलेल्या पोरांमध्ये, आणि मी काय विचार करतेय, तर ही उठेल. — अशी उभी होते मी. मग गाइडनं निळा रुमाल वर केला आणि आम्ही निघालो. पुढं एक जुनं दुकान दाखवलं तिनं, झाडूंचं. बांबूचे, गवताचे, छान बांधलेले. मी ते दुकान बघितलं पण. लक्षात आहे माझ्या. झाडू बघत होते मी.

तुम्ही मोबाईलवर काय शोधताय? देवाचं नाव? बाई जिझो असं काहीतरी म्हणत होती. जिझो. — हो, हाच. असाच, गोटा डोक्याचा. — काय लिहिलंय? जित्या मुलांचा पण? मुलांची सगळ्यांचीच राखण करतो? आणि वाटसरूंची? — नाही, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय. — दाखवा. मला इंग्लिश तेवढं कळत नाही, तुम्हीच वाचा. — मग जगावं म्हणून पण घालतात टोपरं? म्हणजे सगळीच टोपरी गेलेल्यांची नव्हती? मॅडमनी तीन मिनिटांचं तीन शब्दांत सांगितलं, त्यात हे राहिलं असेल. राहिलंच असेल. त्यांना जे ऐकू आलं तेवढंच त्यांनी सांगितलं, त्यांचं पण काय चुकलं.

म्हणजे तो देव जित्या पोरांचं ऐकतो.

— नाही, बरं नाही वाटत. तुम्हाला वाटलं आता ही मोकळी होईल. तसं नाही ते. तसं असेल तर मग आणखीच — बसा ना अजून. बस दिसली की मी सांगेन तुम्हाला. हे कुणाला सांगणार नव्हते मी. टोपरं काढून घ्या एवढंच सांगून उठणार होते.

मी हात जोडले ना तिथं. टोपरं घातल्यावर. नवसाचं काय बोलायचं ते माझ्या ओठावर पाठच आहे, गावच्या घुमटीपाशी रोज बोलायचे नऊ महिने, बाळाला सांभाळ, त्याचं दुखणंखुपणं मला दे. आता बाळाच्या जागी नुसतं नाव घालायचं. आणि मी डोळे मिटले, दानाचं डोकं माझ्या गालाला लागलेलं, तिचे केस ओले झाले होते, तिला सर्दी होणार म्हणून मला काळजी, आणि मी म्हटलं — दानाला सांभाळ.

माझ्या तोंडातून आलं. मोठ्यानं. दाना म्हणाली पण, "चारू, दाना?" आपलं नाव ऐकलं म्हणून. मी म्हटलं हो, दाना. आणि डोळे उघडले, आणि मला वाटलं नवस झाला. मला चूक कळली पण नाही, ताई. तेव्हा कळली नाही. संध्याकाळी वहिनी म्हणाल्या अंग कढत आहे, तेव्हा मी फोन हातात धरून आठवायला लागले की मी तिथं काय काय बोलले, आणि मग आठवलं. टोपरं सुकूचं, आणि नाव हिचं. तो देव गेलेल्यांचा असेल तर मी त्याला माझ्या पोरीचं टोपरं दिलं, आणि जित्यांचा असेल तर दुसरीचं नाव दिलं. कसंही धरा. माझ्या वाट्याला — तिच्या वाट्याला काय आलं?

हिला बघा. एक शिंक नाही आली हिला तिथनं आल्यापासून. पावसात भिजली, थंडीत झोपली, एक शिंक नाही. गाल बघा कसे झालेत. आणि मला ह्याचा राग यायला हवा ना? येत नाही. सकाळी हिच्या कपाळाला हात लावून बघते, थंड लागलं की जीव खाली पडतो. मग आठवतं. आधी खाली पडतो, मग आठवतं.

सुकूला नवसाची पोरगी म्हणतात वाडीत. तिच्यासाठी बोललेलं सगळं मला पाठ आहे, आणि नाव घ्यायची वेळ आली तेव्हा — राहू दे.

तो हॉर्न अशरफभाईचा. आमचा ड्रायव्हर. मगरिबच्या, संध्याकाळच्या नमाजाच्या, आधी पोचायचं असतं घरी, मॅडम वाट बघतात. दाना, यल्ला, चप्पल घाल. ही डावी आहे, ही उजवी. वाळू झटक. — तुमची बस पण वळली बघा सिग्नलला. लिहून घ्या ना मोबाईलमध्ये, विसराल. टोपऱ्याचं भावाला ठरवू दे. काढावंसं वाटलं तर काढू दे, राहावंसं वाटलं तर राहू दे, मला आता काही कळत नाही, मी काही सांगितलं तर पुन्हा चुकेन. पण नाव सांगायला सांगा. एकदाच. तिथं उभं राहून. सुखदा. सुखदा उदय शिवगण, वय चार वर्षं, तालुका राजापूर. मराठीत सांगितलं तरी चालेल, मी पण मराठीतच चुकले होते. म्हणावं, हिच्या आईनं त्या दिवशी जे नाव घेतलं ते पण राहू दे, त्या पोरीचं काही वाईट करू नकोस. पण ही आहे. ही जिवंत आहे, हिला आई आहे, आणि तिला येता येत नाही म्हणून ती निरोप पाठवतेय. — असे डोळे पुसू नका, पोरगी बघतेय. जा तुम्ही आता. जा, बस सुटेल. तेवढं भावाला कळवा.